पाटीवरचा मिस्त्री

आमच्या गिरणीच्या वरच्या खोलीत एक बाई नऊ वर्षं भाड्यानं राहिल्या. त्यांच्याबद्दल लिही म्हणून माझी लेक कधीची मागे लागलीय. मी तिला म्हणते, अगं, त्या स्वतःच इतकं लिहून बसल्यात, त्यात मी चौथी शिकलेली काय भर घालणार. पण एक प्रसंग असा आहे की तो त्यांनी त्यांच्या बाजूनं लिहिला आणि माझी बाजू माझ्याकडेच राहिली. ती आता सांगून टाकते. नावं मात्र कुणाचीच घालणार नाही. तसं आमचं ठरलं होतं, ते पुढे येईलच.

पनवेलच्या जुन्या बाजारात आमची पिठाची गिरणी. पुढे गिरणी, मागे स्वयंपाकघर, वर एक खोली आणि गच्ची. आमचे हे गेले तेव्हा लोक म्हणाले, गिरणी चालवायला देऊन टाक कुणाला तरी. मी दिली नाही. यांच्या दुखण्यात दोन वर्षं मीच तर चालवत होते. दळण घ्यायचं, डब्यावर खडूनं खूण करायची, कशावर काय दळायचं त्याचा क्रम डोक्यात ठेवायचा, पट्टा घसरायला लागला की त्यावर राळेचा चुरा टाकायचा. हे सगळं मला येत होतं, आणि ते मला येतं याचं कुणाला काही वाटत नव्हतं. नवऱ्याच्या माघारी बाई गल्ल्यावर बसते तशी ही बसलीय, इतकंच.

बाई आल्या तेव्हा विमानतळ येणार येणार असं नुसतं ऐकू यायचं, आणि आमच्याकडे दर सोमवारी दुपारभर वीज नसायची. बाई पन्नाशीला टेकलेल्या, केस मानेपर्यंत कापलेले, खांद्याला झोळी. मी विचारलं, "एकट्याच राहणार?"

"एकटीच."

"खाली दिवसभर घरघर असते बरं का."

"असू दे. मला शांततेतच झोप लागत नाही."

मग टेम्पोतून खोकी उतरायला लागली. सगळी पुस्तकांची. कपड्यांची म्हणाल तर एक बॅग. मी जिन्याखाली उभी राहून म्हटलं, "बाई, हा स्लॅब गिरणीचा हादरा सोसतो, पण तुमच्या पुस्तकांचं मला ठाऊक नाही." त्या वर गेल्या, खोलीभर चालून आल्या, म्हणाल्या, "मग मी सगळी भिंतीलगत ठेवते, मध्ये काही नको." मला तेव्हाच बरं वाटलं. हुशार बायका मी खूप पाहिल्यात, पण वजन कुठे ठेवायचं ते कळणाऱ्या कमी.

त्या कॉलेजात शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात लिहायच्या. कशावर लिहिता, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. म्हणाल्या, "विज्ञान, यंत्रं आणि बायका यांच्यावर."

मी म्हटलं, "म्हणजे शिवणाचं मशीन वगैरे?"

त्यांनी झोळीतून वही काढली. "हे तुम्हाला पहिलं का सुचलं, काकू? तुम्ही तर एवढ्या मोठ्या मोटरीशेजारी उभ्या आहात."

मला वाटलं, घ्या, भाडेकरू म्हणून ठेवली आणि निघाली परीक्षा घेणारी. पण खरंच, का सुचलं? मी दिवसभर त्यावर विचार केला. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "शिवणाचं मशीन बाईचं असतं, आणि गिरणी माणसाची असते, म्हणून." त्यांनी तेही लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घ्यावं अशी माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

मग ती सवयच पडली. सोमवारी त्या कॉलेजातून संध्याकाळी यायच्या, बाकीच्या दिवशी चारच्या सुमाराला. मी मागच्या दारात चहा ठेवायची. त्या बोलायच्या, मी ऐकायची, मग मी बोलायची आणि त्या लिहायच्या. मोठमोठे शब्द त्यांनी माझ्यासमोर कधी काढले नाहीत, किंवा काढले तर लगेच सोडवून दाखवले. त्या काळात घरघंटी निघाली होती, घरच्या घरी दळायची, कपाटासारखी दिसणारी. कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवली होती आणि भिंतीवर जाहिरात, जरीच्या साडीतली बाई घरघंटीवर हात ठेवून हसतेय. मला त्या जाहिरातीचा राग यायचा, माझी गिऱ्हाइकं जायची ना. बाईंचा राग वेगळाच होता. त्या म्हणायच्या, "काकू, तुमच्याकडे मोटर, तिच्याकडेही मोटर. पण गिरणीवर पुरुष बसला की तो यंत्र चालवतो. घरात बाईनं तेच केलं की ते स्वयंपाकात जमा होतं. म्हणजे यंत्र कशाला म्हणायचं ते यंत्रावर ठरत नाही, कुणाचा हात आहे त्यावर ठरतं."

दुसरं एक त्यांचं म्हणणं मला आमच्या काट्यामुळे कळलं. आमचा जुना तबकडीचा काटा होता. गिऱ्हाईक समोर उभं असायचं, मी बाजूला. सुई एकच, पण मला ती जरा अलीकडे दिसायची आणि गिऱ्हाइकाला बरोबर आकड्यावर. त्यावरून रोज एखादं भांडण. बाईंनी एकदा ते पाहिलं आणि त्यांना इतका आनंद झाला की चहा गार झाला. म्हणाल्या, "विज्ञान शिकवताना आम्हाला सांगतात, बघणारा मध्ये येता कामा नये. जसा काही तो कुठेच उभा नाही. पण तो कुठेतरी उभा असतोच. त्यानं आधी आपली जागा सांगावी, मग आकडा सांगावा." मी म्हटलं, "एवढंच ना, मग इकडे माझ्या बाजूला येऊन बघा म्हणावं त्याला." त्या म्हणाल्या, "एवढंच. त्याच्यासाठीच तर एवढी खोकी."

त्यांनी स्वतःचंही सांगितलं, पण एकदाच. तरुणपणी त्या मुंबईत एका प्रयोगशाळेत होत्या. तिथलं एक उपकरण रोज सकाळी तापायला लावावं लागायचं आणि ते रुसलं की का रुसलं हे फक्त यांना समजायचं. चार वर्षं यांनी ते सांभाळलं. मग त्यावरचं संशोधन छापून आलं. वर तिघांची नावं, आणि यांचं शेवटी, आभारांत, चहा देणाऱ्या मामांच्या शेजारी.

"मामांच्या शेजारी आलं म्हणून वाईट वाटलं?" मी विचारलं.

"नाही हो. मामा नसते तर ती तिघं दुपारीच झोपली असती," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी ते पान फाडून टाकलं नाही. अजून आहे. काही वाचायला घेतलं की आधी शेवटचं आभारांचं पान बघते, तिथे कुणाला कोंबलंय ते."

आता मिस्त्रीचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात. मग पीठ दळलं जात नाही, घासून गरम येतं आणि त्याला करपट वास लागतो. अशा पिठाच्या तांदळाच्या भाकरीला कडेनं चिरा जातात. म्हणून दीड-दोन महिन्यांनी गिरणी उघडायची, वरचा दगड उचलायचा आणि टाकी आणि हातोडीनं दोन्ही दगडांवर पुन्हा चरे पाडायचे. टाकी म्हणजे पोलादाची छिन्नी. याला टाकी मारणं म्हणतात. घाव जरा खोल गेला, की दगडाची कच पिठात उतरते आणि गिऱ्हाईक दाताखाली कचकच आली म्हणून डबा आणून आपटतं. गिरणीचं नाव राहतं ते टाकीवर.

आमच्याकडे टाकीला जवळच्या नेरे गावाहून एक मिस्त्री सायकलवर यायचे. यांच्या वेळेपासूनचे. हे गेल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला ते दगडासमोर नुसतेच बसून राहिले. म्हणाले, "वयनी, माझा हात आता कापतंय. तुमी शिका."

"मी?"

"मग कोन? दगडाला काय समजतंय मारनारा कोन हाय तो."

ते पोत्यावर बसायचे आणि मी मारायची. वर्षभर शिकवलं मला. टाकी तिरपी धरायची, मनगट सैल ठेवायचं, लाकडी पट्टीला ओला गेरू लावून दगडावर फिरवायची, जिथे लाल उमटेल तिथे उंचवटा, तेवढाच टिपायचा. चुकलं की म्हणायचे, "भाकरी थापताय काय? घाव घाला." बरोबर आलं की काहीच म्हणायचे नाहीत, विडी पेटवायचे. वरचा दगड उचलायला दोन माणसं लागायची, ती मी कुठून आणू? मी विहिरीची जुनी कप्पी तुळईला टांगली आणि साखळी लावून एकटीनं दगड उचलला. ते बघून मिस्त्री हसले, म्हणाले, "आमी येवडी वरसं कंबर मोडून घेतली, कुनाला सुचलं नाय."

पण एक त्यांनी बजावलं होतं. "बाजारात सांगू नका हां. बाईनं टाकी मारली म्हनून कळलं, तर पिठात कच नसली तरी लोकांच्या दाताला लागंल. सांगा, मिस्त्री येऊन गेला."

म्हणून मी टाकीच्या दिवशी शटर अर्धं खाली घ्यायची आणि बाहेर पाटी लावायची. आज टाकी आहे. मिस्त्री आला आहे. वीज नसायची म्हणून सोमवारच धरायची.

मग मिस्त्री वारले. मी त्यांच्या बाराव्याला नेऱ्याला जाऊन आले. आणि परत येऊन पुढच्या सोमवारी पाटी लिहिली, आज टाकी आहे, मिस्त्री आला आहे. हात काही अडखळला नाही माझा. गिऱ्हाइकं विचारायची, मिस्त्री बरा आहे ना? मी म्हणायची, गुडघे दुखतात म्हणतो. असं करत करत मी त्यांना गुडघेदुखी दिली, एक नातू दिला, एकदा तर मोतीबिंदू काढून आणला. मेलेल्या माणसाचा संसार मी इतका नीट चालवला की मलाच कधीकधी वाटायचं, आज येतील सायकल घेऊन.

बाईंनी आमच्या गिरणीवर लिहायचं ठरवलं तेव्हा हे असं होतं. त्यांच्या पुस्तकात एक प्रकरण पनवेलच्या गिरणीचं असणार होतं. महिनोन्महिने त्या सकाळच्या वेळी पोत्यावर बसून बघत होत्या. मी पीठ तळहातावर घेऊन गरम आहे का बघते, आवाजावरून दगड किती जवळ आलेत ते ओळखते, ते सगळं त्यांनी टिपलं. मग एक दिवस विचारलं, "टाकी मारायला मिस्त्री कुठून येतात?"

"नेऱ्याहून," मी म्हटलं.

"किती दिवसांनी?"

"दीड-दोन महिन्यांनी."

"ते टाकी मारतात तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी इथेच असते," मी म्हटलं. ते तरी खोटं नव्हतं.

त्यांना मिस्त्रीला भेटायचं होतं. मी आज टाळ, उद्या टाळ. एकदा त्या सुट्टीच्या दिवशी नेऱ्याला जाते म्हणून चपला घालून खाली आल्या, रिक्षा कुठून मिळेल विचारायला. मी घाईघाईनं म्हटलं, "आज नको, त्यांच्या घरी सुतक आहे." खोटं बोलता बोलता मी खरं बोलून गेले, फक्त सहा वर्षं उशिरा. बाई हळहळल्या. "मग राहू दे, अशा वेळी कशाला त्रास द्यायचा," म्हणाल्या आणि चपला काढून वर गेल्या. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. पण लाज वाटली तरी जीभ वळेना. इतक्या वर्षांचं खोटं, त्याला कुठून उकलायला घ्यायचं तेच कळत नाही.

मग तो शनिवार आला. बाई कागद घेऊन मागच्या दारात आल्या. "काकू, तुमचं प्रकरण झालं. इंग्रजीत आहे, मी मराठी करून वाचते. मंगळवारी छापायला पाठवायचंय. काही चुकलं असेल तर सांगा."

मी भाजी निवडत होते. त्या वाचत होत्या. तळहातावरचं पीठ, राळेचा चुरा, काट्याची सुई, सगळं होतं. ऐकताना मला वाटलं ही कुणी दुसरीच हुशार बाई आहे. आणि मग आलं ते. गिरणी चालवणारी बाई गिरणी उघडत नाही, असं. तिचा हात पिठापर्यंत पोचतो, दगडापर्यंत पोचत नाही. दगड ही पुरुषाची जागा आहे, आणि तो तिथे येतो तेव्हा ती बाजूला उभी राहते.

मी हातातली मेथी खाली ठेवली. माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर काळेनिळे ठिपके आहेत. टाकीचे पोलादाचे कण उडून कातडीत बसतात, ते जात नाहीत. त्याच हातानं मी बाईंना इतकी वर्षं चहाचा कप देत होते. त्यांनी तो हात पाहिला होता, ठिपके पाहिले नव्हते. आणि त्यांना तरी कसा दोष देऊ, मीच तर मिस्त्रीचा मोतीबिंदू काढला होता.

"चुकलंय का काही?" बाईंनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

"तुमचा आवाज तसा नाही येत."

"मेथीला माती फार आहे," मी म्हटलं.

रविवार सगळा त्यात गेला. सांगावं तर बाई म्हणतील, इतकी वर्षं चहा पाजलात आणि खोटं सांगितलंत. न सांगावं तर मंगळवारी ते छापायला जाईल आणि मग पुस्तकात कायमचं राहील की हिचा हात दगडाला लागला नाही. माझी नात मोठी होऊन वाचेल तेव्हा तेच वाचेल. आभारांच्या पानावर कोंबलेल्या बाईंनी मला त्या पानाच्याही बाहेर ठेवलं असतं, आणि त्यांना ते कधी कळलंही नसतं. मला तेच जास्त लागलं. त्यांनी आयुष्यभर जे शोधलं ते त्यांच्या पायाखालच्या खोलीत होतं आणि त्यांच्या हातून निसटत होतं, ते माझ्यामुळे.

सोमवारी सकाळी मी जिन्यातून हाक मारली. "बाई, आज कॉलेजला दांडी मारता येईल?"

"का हो?"

"मिस्त्री आलाय."

वही, पेन, कॅमेरा, सगळं घेऊन धडधडत खाली आल्या. शटर अर्धं खाली. दगड कप्पीवर लटकत होता, खालच्यावर गेरूचे लाल डाग. बाईंनी वाकून आत बघितलं, मागच्या दाराकडे बघितलं. "कुठे आहेत?"

मी पाटावर बसले, नाकाला पंचा बांधला, टाकी उचलली आणि मारायला लागले. पहिले दोन-चार घाव नीट पडले नाहीत. मग लय लागली. एक ओळ संपवली, फुंकर मारली, दुसरी ओळ. मला वर बघायचं धाडस होत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तर बाई पोत्यावर बसल्या होत्या, जिथे मिस्त्री बसायचे तिथेच, आणि वही मिटलेली मांडीवर.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही यायच्या आधीपासून."

"आणि मिस्त्री?"

"वारले. तेही तुम्ही यायच्या आधीच."

त्या म्हणाल्या, "पण मला का नाही सांगितलंत, काकू? मला?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मला सुचलं ते मी बोलले. "तुम्ही विचारलंत, मिस्त्री कुठून येतो. मी सांगितलं, नेऱ्याहून. टाकी कोण मारतं असं तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मी ते भांडायला म्हटलं नव्हतं हो. माझ्या बचावाला म्हटलं होतं. पण बाईंचा चेहरा बघून मला वाटलं, आपण घाव जरा खोल घातला. त्या उठल्या, लटकत्या दगडाभोवती एक फेरी मारली, कप्पीला हात लावला. "प्रश्नातच मी त्याला बसवून ठेवला होता," असं स्वतःशीच म्हणाल्या. "वर्गात मी दरवर्षी शिकवते हे. की आपण काय विचारतो त्यात उत्तर आधीच शिरलेलं असतं. दरवर्षी." मग एकदम हसायला लागल्या, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. "पाटीवर वाचलं आणि विश्वास ठेवला. मी. पाटीवर."

"अक्षर माझं चांगलं आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझा डावा हात हातात घेतला. ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, एकेका ठिपक्यावरून, जसं काही ती वाचायची अक्षरं होती. मग हात सोडून म्हणाल्या, "पुन्हा मारा. सुरुवातीपासून सांगत सांगत मारा."

मंगळवारी काही गेलं नाही छापायला. त्यांनी कुणाला तरी फोन करून एक महिना मागून घेतला, आणि तो महिना आमच्याकडे टाकीचाच होता म्हणा ना. कप्पीचं तर त्यांना इतकं कौतुक की चित्र काढून घेतलं. म्हणाल्या, "ही गिरणी दोन पुरुषांची अंगं धरून बनवलेली आहे. तुमचं अंग तिच्या हिशोबातच नव्हतं. तुम्ही ती आपल्या अंगाला बसवून घेतली." मी म्हटलं, "माझी कंबर दुखत होती हो."

शेवटी विचारलं, "तुमचं नाव घालू?"

इथे माझी गाडी अडली. नाव छापलं तर बाजारात कळणार. मी म्हटलं, "नाव नको. पण मिस्त्रीनं शिकवलं ते लिहा. मीच शोधून काढलं असं होता कामा नये."

"लिहिते. त्यांचंही नाव नको?"

"त्यांना विचारता येत नाही, मग नको."

"बरं. कुणाचंच नको." मग म्हणाल्या, "पण मला एक सांगा. मी पुस्तकात लिहिणार की टाकी तुम्ही मारता, आणि खाली पाटीवर तुम्ही लिहिणार की मिस्त्री आला आहे. मग लोकांनी कुणाचं खरं मानायचं?"

"तुमचं पुस्तक इंग्रजीत आहे. इथे कोण वाचतंय," मी म्हटलं.

बाईंनी आग्रह नाही केला. त्या तशा नव्हत्या. पण पुढच्या टाकीच्या सोमवारी पाटी पुसून लिहायला घेतली तर आज टाकी आहे, इतकं झालं आणि खडू थांबला. मिस्त्रीच्या बाराव्यानंतर जो हात थांबला नाही तो आता थांबला. त्या दुसऱ्या ओळीत ते जिवंत होते ना. ती लिहिली नाही तर ते गेले, हे मला आज पहिल्यांदा मान्य करावं लागणार होतं. मी तशीच उभी राहिले. मग पाटी लावली, अर्धी रिकामी.

दुपारी शेजारच्या मोहल्ल्यातली भाभी डबा घेऊन आली. तिचा नवरा आखातात, घरी सासू, तिघी सुना आणि रोजच्या तांदळाच्या भाकऱ्या. पिठाला हात लावून दळण सांगणारी बाई ती. पाटीपाशी थांबली, वाचलं, शटरखालून वाकून आत आली. माझ्या हातात टाकी, नाकाला पंचा.

"वैनी, आज मिस्त्री नाय लिवला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "भाभी, मिस्त्री जाऊन खूप वर्षं झाली. टाकी मीच मारते."

"मना ठाव हाय."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझी खिडकी तुमच्या मागल्या दारासमोर. टाकीचा आवाज थांबला का तुमचा खोकला येतो. तो थांबला का परत टाकी. मिस्त्रीचा खोकला काय तुमच्यासारखा व्हता?" डबा ठेवला, म्हणाली, "आमच्या घरात तर समद्यांना ठाव हाय. तुमी सांगत नाय म्हनून आमी पन इचारत नाय. तांदूळ बारीक दळा, पाव्हणे हायत."

एवढ्या वर्षांत मी मोतीबिंदूपर्यंत पोचले होते आणि अख्खा मोहल्ला शांतपणे ऐकून घेत होता.

सगळे काही भाभीसारखे नव्हते, ते सांगायला हवं. एक निवृत्त गृहस्थ होते, वर्षानुवर्षं आमच्याकडेच दळण. टाकी मीच मारते हे त्यांना कळलं आणि दोन दिवसांनी डबा परत घेऊन आले. पिठात कच लागते म्हणाले. मी डब्यातलं चिमूटभर पीठ त्यांच्यासमोर तोंडात टाकलं, दातांत चावलं. काही नव्हतं. "मिस्त्रीच्या वेळी असं नव्हतं," ते म्हणाले. मी विचारलं, "कुठल्या वेळी? मागच्या दिवाळीचं पीठ आठवतं? ते माझं. त्याच्या आधीचं? तेही माझंच." ते डबा घेऊन गेले. परत आलेच नाहीत, घरघंटी घेतली त्यांनी. मिस्त्री बरोबर बोलले होते, काहींच्या दाताला कच लागलीच. फक्त मिस्त्रींना वाटलं होतं सगळ्यांच्या लागेल. तेवढे नाही निघाले लोक.

पुस्तक दीडेक वर्षानं आलं. बाई कॉलेजातून थेट खाली आल्या, झोळीतून काढून माझ्या हातात दिलं. मला इंग्रजी येत नाही, पण त्यांची सवय मलाही लागली होती. मी आधी शेवटचं पान उघडलं. आभार कसे दिसतात ते त्यांनी मला दाखवलं होतं, नावांची रांगच रांग. मी बोट फिरवत गेले. माझ्यासारखं काही दिसेना.

"मी इथे कुठे आहे?" मी विचारलं.

"तिथे नाही तुम्ही," बाई म्हणाल्या.

मला जरा लागलं. नाव नको म्हटलं होतं मीच, पण गिरणीवाल्या काकू एवढं तरी. मग बाईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मधलं एक पान उघडलं आणि परत दिलं. तिथे कप्पीचं चित्र होतं, साखळी, लटकता दगड, खाली पाट. त्याच्या वर ज्या ओळी होत्या त्या त्यांनी बोट ठेवून मराठीत वाचून दाखवल्या. लिहिलं होतं की या प्रकरणात जे आहे ते लेखिकेनं आधी चुकीचं लिहिलं होतं. ती कुठे उभी होती आणि तिथून तिला काय दिसलं नाही ते सांगितलं होतं. आणि मग, दगड कसा उघडायचा हे नेऱ्याच्या एका मिस्त्रीनं पनवेलच्या एका बाईला शिकवलं, आणि कसा बघायचा हे त्या बाईनं लेखिकेला.

बाजारातली वर्दळ शटरबाहेर चालू होती. एक गिऱ्हाईक डबा वाजवत होतं. बाई म्हणाल्या, "जा, दळण आलंय."

मी पुस्तक पिठाच्या हातानं धरलं होतं, त्या पानावर चार पांढरी बोटं उमटली. पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"असू द्या," म्हणाल्या.